मक्याचा मानपान

स्वीटकॉर्नची जात कशी निवडावी हे कुणाला विचारायचं असेल, तर मला विचारा. इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कंपनीत मी एकोणीस वर्षं पर्चेसला आहे. साधा बोल्ट घ्यायचा असला तरी तीन कोटेशनं, दोन सॅम्पलं आणि एक तक्ता समोर आल्याशिवाय या अलीमियाँची सही पडत नाही. निवडणं हा माझा धंदाच आहे!

अर्थात ऑफिसात. घरात मी या एकोणीस वर्षांत एक पडदासुद्धा निवडलेला नाही. पडदे, सोफा, मुलीची शाळा, माझे शर्ट, सगळं आमची शहनाझ निवडते, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं निवडते.

म्हणूनच धैदच्या रस्त्यावरच्या एका शेतात थंडीच्या सीझनपुरती जमिनीची पट्टी भाड्यानं मिळतेय असं कळलं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, की तिथे काय लावायचं ते मी ठरवणार. पट्टी केवढी? दहा पावलं लांब, आठ पावलं रुंद. पाणी शेतवाल्याचं, मेहनत आपली. शहनाझला तिथे मेथी, कोथिंबीर आणि कडेला मोगरा हवा होता. मी म्हटलं, स्वीटकॉर्न.

ती म्हणाली, "ठीक आहे. एक सीझन तुमचा. कणीस गोड निघालं तर पट्टी कायमची तुमची. नाही निघालं, तर पुढच्या वर्षीपासून तिथे काय लावायचं ते मी ठरवणार, आणि तुम्ही पाणी घालणार."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. हसू नका. दापोलीकडच्या आमच्या घराण्यात तीन पिढ्या जहाजावर गेल्या. आजोबा, बाबा, चुलते, सगळे समुद्रावर. जमिनीत काहीतरी पेरून ते उगवलेलं बघणारा मी पहिलाच असणार होतो. मला ती पट्टी अगदी मनापासून हवी होती.

लगेच कामाला लागलो. सात जातींचा तक्ता केला: गोडवा, उंची, किती दिवसांत येते, वाऱ्यात लोळते की उभी राहते. आठ दिवस तपासून एक पिवळी, अतिगोड आणि झटपट येणारी जात पक्की केली. पाकीट चाळीस दिरहमचं होतं. म्हणजे साडेनऊशे रुपये, असं शहनाझनं मोठ्यानं म्हणून दाखवलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तक्त्याखाली मी लाल अक्षरांत एक सूचनाही लिहिली: 'एक पट्टी, एक जात.' कारण मक्याचे पराग वाऱ्यावर उडतात. शेजारी दुसरी जात त्याच वेळी तुऱ्यावर आली, की तिचे पराग आपल्या कणसावर पडतात आणि गोड मका पार निबर होऊन जातो. ही सूचना मी घरी वाचून दाखवली, ऑफिसात वाचून दाखवली, आणि रोल्लाला मैमुनाखालाकडे गेलो तेव्हा तिलाही वाचून दाखवली.

मैमुनाबी ही माझ्या आईची धाकटी बहीण. मी या देशात नवा आलो तेव्हा सहा महिने तिच्याच घरी जेवलो, तिच्याच गॅलरीत झोपलो. तिनं माझी सूचना शांतपणे ऐकून घेतली, आत गेली आणि औषधाची एक जुनी बाटली घेऊन आली. बाटलीत जांभळट काळे मक्याचे दाणे होते.

"आपल्या परसातला मका आहे बाबा," ती म्हणाली. "गावाहून मधल्या बहिणीनं पाठवलाय. एक ओळ माझी लाव."

आता तुम्हीच सांगा, सहा महिने जिच्या हातचं जेवलो तिला नाही कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा तुकाराम सुट्टीवरून परतला. तो जालन्याकडचा. दर सुट्टीवरून माझ्यासाठी चिवडा आणतो. या वेळी चिवड्याबरोबर भावाच्या शेतातलं नारिंगी मक्याचं बियाणं होतं, कारण मीच त्याला फोनवर पट्टीबद्दल तासभर सांगितलं होतं. त्याच आठवड्यात अबुधाबीहून माझा मेहुणा अफनान आला. तो तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्यामुळे त्याचं बियाणं परदेशी होतं, पांढऱ्या मक्याचं. "दुल्हाभाई, धिस इज द बेस्ट इन द वर्ल्ड," असं म्हणून त्यानं पाकीट माझ्या खिशातच घातलं. तुकारामला नाही म्हणावं तर चिवड्याची लाज वाटते, आणि मेहुण्याला नाही म्हणण्याइतका मी शूर नाही.

झाल्या चार जाती. पण पर्चेसमधला माणूस असा अडत नसतो! चार जाती चार वेगवेगळ्या वेळी तुऱ्यावर आल्या, तर कुणाचे पराग कुणावर पडायचा प्रश्नच नाही. म्हणून दर दहा दिवसांनी एक ओळ पेरायची, असं मी ठरवलं. आता पहिली ओळ कुणाची? हा तर प्रश्नच नव्हता. आमच्याकडे दस्तरखान मांडला की आधी वाढतात वडीलधाऱ्यांना, मग पाहुण्यांना, आणि घरचा माणूस बसतो शेवटी. त्याच मानानं पहिली ओळ खालाची. दहा दिवसांनी तुकारामची, कारण तो वयानं अफनानपेक्षा मोठा. मग अफनानची. सगळ्यात शेवटी, महिन्यानंतर, माझी.

खालाची ओळ पेरली त्या दिवशी तुकाराम बरोबर होता. तक्ता बघून तो म्हणाला, "अलीभाई, खालांचा हा गावठी मका न् आमचा मका, हे तुऱ्यावर यायला जरा..."

"तुकाराम, टेन्शन लेने का नहीं," मी म्हटलं. "तक्ता आहे ना!"

तो बिचारा दाणे टाकायला लागला.

मका जोरात वर आला. दर रविवारी आम्ही पट्टीवर. खालाही सोबत यायची, आपल्या ओळीशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि दापोलीच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावून एकेक ताट दाखवायची. माझा भाव इतका वाढला, की फेब्रुवारीतल्या एका रविवारी कणसं खायला या, असं आमंत्रण मी नोव्हेंबरातच तिघांना देऊन टाकलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमची एमान गाडीतून सगळ्यात आधी उतरली आणि पट्टीकडे बघत म्हणाली, "पप्पा, ऑल फोर रोज आर फ्लॉवरिंग."

मी म्हटलं, नीट मोज. तिनं मोजलं. मीही मोजलं. चारही ओळी तुऱ्यावर! जुळ्या भावंडांची शाळेची रांग असावी तशा.

तुकारामला फोन लावला, तो टॅक्सी करून आला. त्यानं मग ते वाक्य पुरं केलं, जे मी ऑक्टोबरात तोडलं होतं. खालाचा गावठी मका तुऱ्यावर यायला अडीच महिने घेतो. त्याचा स्वतःचा दहाएक दिवस कमी, अफनानचा आणखी दहा दिवस कमी, आणि माझी झटपट येणारी जात दीड महिन्यातच तुरा काढते. म्हणजे सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला मी सगळ्यात आधी सोडलं होतं आणि सगळ्यात पळणाऱ्याला सगळ्यात शेवटी. इतक्या नेमकेपणानं चौघांना एकाच दिवशी एका ठिकाणी आणणं ठरवूनसुद्धा कुणाला जमलं नसतं.

"बाकीच्या तीन ओळींचे तुरे छाटून टाकू," तुकाराम म्हणाला. "माझ्यापासून सुरू करा. पाच मिनिटांचं काम आहे."

सरळ उपाय होता. मी कात्री हातात घेतलीही. पण समोर खाला खुर्चीत बसून बहिणीला आपले तुरे दाखवत होती. मी कात्री पुन्हा खिशात घातली.

मग मी दुसरा उपाय काढला. तुकाराम म्हणाला, पराग सकाळी झडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी सुट्टी टाकली आणि माझ्या ओळीच्या बाजूनं कापडाची भिंत उभी करायचं ठरवलं. एवढं कापड आणायचं कुठून? धुऊन इस्त्री करून आलेले हॉलचे पडदे गाडीच्या डिकीतच होते. दोन काठ्या मी धरल्या, दोन तुकारामनं. आठपर्यंत ठीक चाललं. मग शमाल सुटला. हा वाळवंटातला वारा सुटला की विचारत नाही. पडदे असे फुगले, की जहाजाचं शीड म्हणजे काय असतं ते तीन पिढ्यांनंतर मला कोरड्या जमिनीवर कळलं! एक पडदा सुटून शेजारच्या बकऱ्यांच्या कुंपणात गेला. परत आणला तेव्हा त्याला झालर नव्हती.

दुसरा मी सोडला नाही. दहा वाजेपर्यंत धरून ठेवला. तो फडफडून चारही ओळींच्या तुऱ्यांवर आपटत होता आणि पिवळा भुगा आमच्या डोक्यावर पडत होता. तुकारामनं डोकं झटकलं आणि अगदी अदबीनं सांगितलं, की जे काम वाऱ्यानं आठवडाभरात केलं असतं, ते आपण एका सकाळीत उरकलं.

पडद्यांबद्दल शहनाझ काय बोलली ते इथे लिहीत नाही. थोडक्यात होतं, पण लक्षात राहण्यासारखं होतं.

ठरलेल्या रविवारी सगळे जमले. निखारे, लिंबू, मीठ, तिखट, सगळी तयारी होती. माझ्या ओळीतलं सगळ्यात भरलेलं कणीस मी तोडलं, सगळ्यांसमोर सोललं. आत पिवळे, पांढरे, नारिंगी आणि जांभळे दाणे शेजारी शेजारी बसले होते.

"पप्पा, इट्स लाइक अवर बाथरूम टाइल्स," एमान म्हणाली.

मला वाटलं, आता तिघंही नाराज होणार. कसलं काय! खालानं चष्मा लावून जांभळे दाणे मोजले आणि आपला मका सगळ्यांत उठून दिसतो म्हणाली. अफनानला आपले पांढरे दाणे दिसले. तुकारामला नारिंगी. तिघंही इतके खूश, की कणीस हातोहात फिरत राहिलं. फक्त खात कुणी नव्हतं. माझ्या जातीचा असा एखाददुसराच दाणा मला शोधून काढावा लागला.

शेवटी शहनाझनं भाजलेलं कणीस घेतलं आणि एक घास तोडला. सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. ती चावत होती. खालाचा चहा संपला, तरी ती चावतच होती.

"गोड आहे?" मी विचारलं.

"अजून कळलं नाही," ती म्हणाली. "चावून झालं की सांगते."

परतताना गाडीत मी स्वतःहून म्हटलं, "खलास. पट्टी तुझी. मोगरा लाव." मला वाईट वाटत होतं आणि ते लपवायची ताकद माझ्यात उरली नव्हती. तिनं गाडीच्या कप्प्यातून माझा तक्ता काढला, उलगडला आणि पहिल्या नंबरवर बोट ठेवलं.

"पुढच्या वर्षी हाच मका लावू. निवड बरोबर होती तुमची."

मी गाडी कडेला घेतली. एकोणीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. जरा धीर आला, म्हणून विचारलं, "मग पट्टी माझ्याकडेच राहू दे ना?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला मका निवडता येतो. नाही म्हणता येत नाही."

पुढच्या ऑक्टोबरात खाला औषधाची बाटली घेऊन पट्टीवर हजर झाली. शहनाझ तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "खाला, या वर्षी एकच जात लावतेय. या दाण्यांची भाकरी करू या का?" खाला म्हणाली, "बरं," आणि तिनं चहा मागितला. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत होतो. आणखी काहीच झालं नाही.

मका असा गोड आला, की कवळी लावलेल्या खालानं दोन कणसं संपवली. मग हात पुसून सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "शहनाझ, मका निवडावा तर तू!"

तुकारामनं मान डोलावली. अफनाननंही डोलावली. तक्ता माझ्या खिशातच होता, काढून दाखवणार होतो. पण माझ्या एका हातात पाण्याची नळी होती आणि दुसऱ्या हातात कणीस.