सदर दगड

भेकरकोंडच्या खालच्या वाडीतल्या सावित्री शिवगणच्या स्वयंपाकघरापासून नळाचे पाणी सव्वीस फुटांवर येऊन थांबले होते, याबद्दल कोणत्याही कार्यालयात दुमत नव्हते. हे अंतर पाइपचा कंत्राटदार विनोद याने टेप लावून मोजले होते आणि सावित्रीचा नवरा लवू याने ते वहीत तारखेसह लिहून ठेवले होते. उद्या दुपारपर्यंत तोटी बसेल असे विनोद म्हणाला, तेव्हा सावित्रीने हंडा घासून पालथा घातला. विहीर उताराच्या तळाशी होती. पायऱ्या बावन्न आणि गुडघे दोन, हे तिचे गेल्या चार वर्षांचे गणित होते, आणि ते कधीच सुटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर खणायला सुरुवात झाली आणि पहिल्याच घावाला खण्ण वाजले. खालून दगड निघाला. जांभा असता तर कोणी ढुंकून पाहिले नसते, कारण त्या कातळाच्या सड्यावर जांभ्याशिवाय दुसरे आहे काय? पण हा काळा होता, घडवलेला होता. दोन हात लांब, हातभर रुंद, मधे खोलगट आणि एका टोकाला बोटभर भोक.

"लवूकाका, बाजूला करून टाकतो," विनोद म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

इथे कोणीही शहाणा माणूस बरं म्हणाला असता. पण लवू रत्नागिरीच्या एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षे शिपाई होता. या टेबलावरचा कागद त्या टेबलावर नेता नेता त्याचे असे पक्के मत झाले होते की ज्या गोष्टीचा कागद नाही ती गोष्ट मुळात नाहीच.

"थांब जरा. हे कळवायला हवं."

सावित्री पडवीतून म्हणाली, "कोणाला कळवताय? दगड हाय तो. सारा बाजूला नि पाणी येव दे."

"उद्या कोणी विचारलं तर?"

"इतक्या वर्सांत आपल्याला कोणी काय इचारलान?"

लवूने तोवर अर्ज लिहायला घेतला होता. 'सदर दगड पुरातन असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' यातले दुसरे वाक्य त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर वाहून नेले होते. पहिले त्याने आपल्या मनाने घातले, कारण त्यावाचून कागद हलका वाटत होता. मग तो एसटीने रत्नागिरीला गेला, प्राचीन वस्तू पडताळणी कक्षात अर्ज दिला आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन आला. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. लवूने त्याची पोचही घेतली.

सरकारी काम नि सहा महिने थांब म्हणतात, ते काम करण्याबद्दल. थांबवण्याबद्दल नव्हे. नळाच्या अर्जाला सात वर्षे लागली होती. चर खणणे थांबवण्याचा आदेश चौथ्या दिवशी आला. विनोदने पाइपची गुंडाळी टेम्पोत टाकली. "काका, पुढची वाडी माझ्या नावानं शिमगा करतेय. दगडाचं मिटलं की फोन मारा." सावित्रीने हंडा उचलला आणि ती उतार उतरू लागली. तिने चार शब्द सुनावले असते तर लवूला बरे वाटले असते.

आठवड्याने कक्षाच्या योगिनी मॅडम दोन तज्ज्ञांना घेऊन आल्या. पहिले तज्ज्ञ म्हणाले, ही यज्ञवेदी आहे. तूप या भोकातून वाहून जायचे. दुसरे म्हणाले, हे आकाश पाहण्याचे साधन आहे. पाणी भरून त्यात ताऱ्यांची प्रतिबिंबे मोजायचे. मग भोक कशाला, असे पहिल्यांनी विचारले. नको असलेले तारे सोडून देण्यासाठी, असे दुसऱ्यांनी सांगितले. वाद टिपेला गेला. तज्ज्ञांनी तीनदा चहा घेतला आणि दगड चाचपल्यावर पाच वेळा हात धुतले, त्यामुळे सावित्रीची त्या दिवशी एक खेप जास्त झाली.

एवढ्यात शेजारची गोदाकाकी काठी टेकत आली. वय ऐंशीच्या पुढचे, पण नजर साफ. तिने दगडाकडे एकदा पाहिले.

"ही आमची डोण. म्हशी पाणी पियाच्या हिच्यात. गोठा पडला तवा मातीखाली गेली."

"आजी, काही पुरावा आहे का?" योगिनी मॅडमनी अदबीने विचारले.

"पुरावा कसला बाय? म्हस आमचीच व्हती."

"म्हशीची कुठे नोंद?"

"ती मेली."

"मेल्याची नोंद?"

गोदाकाकीने मॅडमकडे जरा काळजीने पाहिले. मॅडमनी समजावून सांगितले की तोंडी माहिती अहवालाच्या शेवटी लोकश्रुती म्हणून घेता येईल, पण तिच्यावर निष्कर्ष काढता येणार नाही. तेव्हा गोदाकाकी लवूकडे वळली. "नि तू रे? तुजी आवस तुला ह्याच्यातच बसवून न्हाणत व्हती. इसारलास?"

लवूला एकदम सगळे आठवले. पाठीला लागणारा गार दगड आठवला, आणि पाणी जाऊ नये म्हणून तो भोकात पायाचा अंगठा घालून बसायचा, तेही आठवले. त्याने तोंड उघडले.

"तसं असेल तर लेखी द्या," योगिनी मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तुमचा पहिला अर्ज चुकीचा होता असं होईल. मग शासनाची दिशाभूल केल्याबद्दल तुमची चौकशी लागेल. चौकशी संपेपर्यंत काम बंद."

"आणि नाही दिलं तर?"

"तर पडताळणी संपेपर्यंत काम बंद."

सावित्री दारात उभी राहून लवूकडे बघत होती. एकतीस वर्षांत त्याच्या नावावर एकही डाग नव्हता. तो खाली बघून म्हणाला, "लहानपणचं नीट आठवत नाही, मॅडम." सावित्री आत निघून गेली.

तज्ज्ञांचे एकमत न झाल्याने दगड फार महत्त्वाचा असला पाहिजे, यावर सर्वांचे एकमत झाले. त्याभोवती तीस फुटांची संरक्षित हद्द आखण्यात आली. सव्वीस फुटांवरचे स्वयंपाकघर चार फूट हद्दीत गेले. धुराने पुरातन वस्तूचा रंग जातो, म्हणून तिथे फोडणी द्यायला मनाई झाली आणि सावित्रीची चूल पडवीत आली. दगडाच्या राखणीला मात्र विश्वासू स्थानिक माणूस हवा होता. ते पद मानद होते, पण त्याबरोबर टोपी, शिट्टी आणि प्लास्टिकची खुर्ची होती. लवू नको म्हणणार होता. टोपी मापाची निघाली.

पण तो काही दगड नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या त्याला बायको हंडा घेऊन पायरीपायरीला थांबताना दिसायची. शेवटी त्याने दुसरा अर्ज लिहिला. पत्नीचे गुडघे निकामी होत आले आहेत, तरी हद्दीबाहेरून वळसा घालून पाइप नेण्यास परवानगी मिळावी. उत्तर महिन्याभराने आले. 'सदर गुडघे पुरातन नसल्याने ते या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाहीत.' लवूने ते सावित्रीला वाचून दाखवले नाही. फाइलला मात्र लावले.

मग लोकार्पण ठरले. जिल्ह्याचे मोठे साहेब आले, मांडव पडला, पाण्याचा टँकर आला. भोकात बूच मारून दगड काठोकाठ भरण्यात आला. साहेब भाषणाला उभे राहिले, 'आपल्या पूर्वजांची वैज्ञानिक दृष्टी' इथवर पोचले आणि त्याच वेळी सड्यावरून चरून गोदाकाकीची म्हैस मैना घरी निघाली. ती फीत ओलांडून आली, तिने साहेबांना वळसा घातला, दगडात तोंड घातले आणि बूच दिसेपर्यंत पाणी पिऊन फुर्र केले.

लवूच्या छातीवरचे ओझे उतरले. आता लेखी द्यायला नको, डाग नको, चौकशी नको. मैनेने साहेबांसमोर, फोटोग्राफरसमोर साक्ष दिली होती. त्याने मागे वळून सावित्रीकडे पाहिले. कित्येक महिन्यांनी ती हसत होती. मुक्या जनावराला जे कळते ते आता माणसांनाही कळणार, असे त्या दोघांना अगदी खरोखर वाटले.

योगिनी मॅडमनी डोळ्यांतले पाणी टिपले आणि वहीत लिहिले, 'सदर दगडाशी निगडित महिषपूजनाची परंपरा स्थानिक समाजात आजही जिवंत असल्याचे प्रत्यक्ष पाहण्यात आले.'

दगड 'अनिश्चित' या वर्गातून 'जिवंत वारसा' या वर्गात गेला. हद्द साठ फूट झाली आणि शिवगणांचे अख्खे घर, पडवीतल्या चुलीसकट, तिच्यात आले. मैनेने दर रविवारी अकरा वाजता यावे, असे पत्र गोदाकाकीला मिळाले. "तहान लागली तर येल," असे तिने सांगितले. ते संमती म्हणून नोंदवले गेले. दगड कोरडा पडू नये म्हणून रोज टँकर येऊ लागला. त्याच्यावर लिहिले होते, फक्त वारसास्थळ व अभ्यागतांसाठी. सावित्री हंडा घेऊन गेली तेव्हा टँकरवाल्याने तिला अभ्यागतांच्या वहीत सही करायला सांगितले. तिने नाव लिहिले, गाव लिहिले, येण्याचे कारण 'पाणी' असे लिहिले. गाव भेकरकोंडच निघाल्यामुळे ती अभ्यागत ठरली नाही.

सावित्री अजून बावन्न पायऱ्या चढते. लवू टोपी काढून अर्ध्या वाटेवर तिच्या हातातला हंडा घेतो. पर्यटक आले की शिट्टी वाजवायला त्याला परत वर यावे लागते.

हे वाचून तुम्ही हसलात, ते बरेच झाले. अशा लोकांना हसायलाच हवे. पण गेल्या डिसेंबरात देवदर्शन आटोपून परतताना, रस्त्यावरची 'जिवंत वारसा' ही पाटी वाचून तुम्हीही गाडी वळवली होती. टँकरचे गार पाणी प्यालात, वहीत 'अद्भुत अनुभव' असे लिहिलेत आणि दगडापुढे सगळे ओळीने उभे राहिलात. मागे एक बाई डोक्यावर हंडा घेऊन शेवटच्या पायरीवर दम खात उभी होती. "मावशी, जरा खाली सरकता का, फोटोत येताय," असे तुम्ही अगदी गोड आवाजात म्हणालात. ती दोन पायऱ्या खाली उतरली. फोटो छान आला आहे.