मांडीवरचं लाटणं

"आण्णा, तुमचा नेम कवा चुकलाय का?"

क्रांतीने हे विचारलं तेव्हा आण्णा ओसरीवर बसून बूट पुसत होते. प्रश्न तिचा नव्हताच. दहावीच्या मागच्या बाकावर प्रियदर्शनीने पैज लावली होती, की कमांडो बापाला असलं काही विचारायची क्रांतीची छाती नाही. छाती भरपूर होती. या वर्षी ती कबड्डीच्या संघाची कप्तान झाली होती आणि हेडसरांसमोरसुद्धा मान वर करून बोलत होती. सवय नव्हती ती बापाशी बोलायची. आण्णा, म्हणजे हवालदार जोतीराम, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, आणि बापलेकीचं बोलणं ठरलेलं असायचं. अभ्यास कसा? चाललाय. पाणी आण. एवढ्यावर वर्ष आटपायचं.

आण्णांच्या हातातलं फडकं थांबलं. क्रांतीने पळायच्या तयारीने एक पाय पायरीवर ठेवला.

"नेम न्हाई चुकत," आण्णा म्हणाले. "हात चुकतोय."

आणि मग ते बोलायलाच लागले. आतून आई पदराला हात पुसत दारात आली आणि तशीच उभी राहिली, कारण तिनेही त्यांना सलग एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. झालं होतं असं, की त्यांच्या कमांडो पलटणीत सगळ्यांना नवं पिस्तूल आलं होतं. जुनं कमरेला असायचं. नवं खाली, मांडीवर, पट्ट्याने बांधलेलं. जुनं पिस्तूल आण्णांकडे क्रांतीच्या जन्माच्या आधीपासून होतं. बर्फात ते गारठू नये म्हणून आण्णा त्याला पांघरुणात घेऊन झोपायचे. ते जमा करायच्या दिवशी काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं. पण शस्त्रागाराच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "आगे बढ़ो," आणि ते पुढे सरकले. तेव्हापासून शिट्टी झाली की हात कमरेला जायचा आणि तिथे काहीच नसायचं. पलटणीतली नवी पोरं तोंड फिरवून हसायची. आता सुट्टीवरून गेल्या गेल्या चाचणी होती. ज्याचा हात कमरेला जाईल त्याची रवानगी भांडारात.

"म्हंजे तिथं काय करायचं?"

"ब्लँकेटं वाटायची. बूट वाटायचं. बादल्या." आण्णांनी बादल्या हा शब्द एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा उच्चारला.

पैज जिंकली होती, पण क्रांतीला आता पैजेत रस उरला नव्हता. सरावासाठी पिस्तुलाच्या वजनाचं काहीतरी हवं होतं. तिने घरभर शोधून लाटणं आणलं. घरात रोज भाकरी, त्यामुळे लाटणं सणासुदीपुरतंच लागायचं. आईने जुन्या खाकी पँटीची पिशवी शिवून दिली. ती आण्णांच्या मांडीला नाडीने बांधली. शिट्टीला कुकर होताच. दुपारी डाळ शिजायला लागली की आण्णा माजघरात पाय फाकून उभे राहायचे. कुकर ओरडला की त्यांचा हात विजेसारखा जायचा. कमरेला.

त्या संध्याकाळी भाकरी उलटता उलटता आई सहज म्हणावं तसं म्हणाली, "भांडारात गेलं की क्वार्टर मिळतंय. बायकापोरांसकट ऱ्हाता येतंय." मग तव्यावरची भाकरी तिने उगाच पुन्हा उलटली. "मी म्हनले म्हनून त्यास्नी सांगू नगंस."

प्रियदर्शनीचे वडील कुपवाडला कारखान्यात होते. दर शनिवारी ते मोटारसायकलवरून गावी यायचे आणि येताना सांगलीचं भडंग आणायचे. ते भडंग वर्गात वाटताना प्रियदर्शनी पहिली मूठ नेहमी क्रांतीला द्यायची, आणि ती मूठ क्रांतीला कधीच गोड लागायची नाही. बाप एकाच घरात राहतो म्हणजे नेमकं काय होतं, तो शिंकतो कसा, पेपर वाचताना पुटपुटतो का, हे तिला माहीत नव्हतं. आता सगळं एका हातावर येऊन ठेपलं होतं. तो हात तसाच चुकत राहिला पाहिजे होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी तिने मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांची अदलाबदल केली. हाताचा एकदा गोंधळ उडाला की उडालेलाच राहील, असा तिचा हिशोब.

नेमक्या त्याच दिवशी शेजारच्या रंगूबाई आल्या आणि आण्णांनी हौसेने स्वतः चहा केला. रंगूबाईंनी पहिला घोट घेतला. समोर कमांडो बसलेला. त्यांनी डोळे मिटले आणि कपबशी रिकामी केली. मग गावभर सांगितलं, की मिलिटरीत चहात मीठ घालत्यात, त्यानं दम वाढतो. त्या आठवड्यात भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळणारी पोरं झाडून सगळी खारट चहा पिऊन पळाली, आणि त्यातली बरीचशी अर्ध्या वाटेतच पोट धरून उसाच्या फडात शिरली आणि तिथूनच परत आली.

क्रांती थांबली नाही. तिने तांब्या हलवला, काडेपेटी हलवली, आरशाजवळची दाढीची ट्यूब आणि दात घासायची ट्यूब हलवली. एके सकाळी आण्णा तोंडाला फेस आणून मोरीवर नुसतेच उभे राहिले. आई सगळं बघत होती. एकदा तर तिने स्वतःच साबणाची वडी दुसऱ्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

यात एक गोष्ट दोघींच्याही लक्षात आली नाही. घरातल्या कुठल्याच जागेवर आण्णांच्या हाताचा भरवसा उरला नाही. साखर म्हणावी तर मीठ, तांब्या म्हणावा तर भिंत. त्या अख्ख्या घरात कधीच न हलणारी एकच वस्तू होती, मांडीवरचं लाटणं. आण्णा ते आता सकाळी बांधायचे ते झोपतानाच सोडायचे. पुढे पुढे ते बांधलेलं आहे हेही त्यांच्या ध्यानात राहीना.

पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनाचे पाहुणे म्हणून हेडसरांनी आण्णांना बोलावलं होतं. पाऊस भुरभुरत होता. आण्णा इस्त्रीच्या कपड्यांवर लांब रेनकोट घालून आले. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, सगळं नीट पार पडलं. पाऊस थांबला तशी आण्णांनी रेनकोटाची बटणं सोडली. हेडसर हार घेऊन त्यांच्या समोर आले. आणि मुलांची कवायत सुरू करायला पीटीच्या सरांनी मागून कडकडीत शिट्टी मारली.

हार गळ्यात पडायच्या आत लाटणं हेडसरांच्या छातीवर रोखलेलं होतं.

हेडसरांनी हार सोडला आणि दोन्ही हात वर केले. पहिल्या रांगेतल्या पोरांना वाटलं, कवायतीचा पहिला प्रकार दाखवताहेत. त्यांनीही हात वर केले. त्यांचं बघून मागच्या रांगांनी. मग बायकांच्या बाजूला बसलेल्या रंगूबाईंनी, आणि ज्यांनी शिट्टी मारली होती त्या पीटीच्या सरांनीही. सगळं मैदान हात वर करून उभं राहिलं आणि पुढचा आकडा कोणीच म्हणेना.

"हवालदारसाहेब," हेडसर हळूच म्हणाले, "आमच्या चपात्या लाटायच्या हायत का काय?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. प्रियदर्शनी तर क्रांतीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. आण्णांनी लाटण्याकडे बघितलं. मांडीकडे बघितलं. आणि एवढ्या गर्दीत त्यांनी लेकीला शोधून काढलं आणि लाटणं उंच करून दाखवलं. ते हसत होते. त्यांचा पुढचा एक दात थोडा तिरका आहे, हे क्रांतीला त्या दिवशी कळलं.

एकटी तीच हसली नाही. हात बरोबर जागी गेला होता.

घरी येताना वाटभर आण्णाच बोलत होते. हात कसा गेला, किती सरळ गेला, आता नव्या पोरांची तोंडं बघायची आहेत. आई दोन पावलं मागून चालत होती, तिच्या हातात हेडसरांचा हार होता. भांडारातलं क्वार्टर मोडीत निघालं होतं.

दोन दिवसांनी ट्रंक भरली. निघायच्या आधी आण्णा पाणी प्यायला आत गेले. माठापाशी त्यांचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. डावीकडे गेला नाही, उजवीकडेही गेला नाही. आपल्याच घराच्या मधोमध उभं राहून, परक्याच्या घरी विचारावं तशा आवाजात ते म्हणाले,

"तांब्या कुठं असतोय आवं तुमचा?"

आई चुलीकडे तोंड करून बसली होती.

क्रांती उठली. तिने फळीच्या टोकाचा तांब्या उचलला आणि माठाच्या डाव्या अंगाला ठेवला, पूर्वी होता तिथे. मीठ वरच्या फळीवर, साखर खालच्या. काडेपेटी चुलीच्या कोनाड्यात. आईने इकडून तिकडे नेलेली साबणाची वडीसुद्धा तिने परत आणली. दोघं बघत राहिले. शेवटी तिने पिशवीतून लाटणं काढलं आणि आण्णांच्या ट्रंकेत, कपड्यांच्या मधोमध ठेवलं.

"आन सणाला पोळ्या कशानं लाटू?" आईने विचारलं.

"बाटलीनं लाट." क्रांती हात कमरेवर ठेवून दोघांच्या मध्ये उभी राहिली. आवाज कप्तानाचा होता. "मी ठरवलंय. आण्णा परत येईपर्यंत ह्या घरातली एक वस्तू जागची हालणार न्हाई. आई, तूबी हालवायची न्हाईस. आन आण्णा, पुढच्या सुट्टीला पाव्हण्यागत इचारायचं न्हाई. नुसता हात घालायचा."