सहीचा माणूस

कर्णिककाकांना वाढदिवसाला बोलवायचं म्हणजे जिवावर यायचं. माझ्या चाळिशीला त्यांनी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मीनल, उद्या तू बेशुद्ध पडलीस तर सही कोणाची?"

वोल्फ्सबुर्गमध्ये काका-काकू आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहायचे. काका गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकवाले इंजिनीअर. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, पेटी शिकतात. काकांनी फोलमाख्ट धरली. म्हणजे, उद्या आपल्याला बोलता येईनासं झालं तर दवाखान्यात आपल्या वतीने कोणी ठरवायचं, ते आधीच लिहून सही करून ठेवायचं. "नवरा-बायको आहोत म्हणजे सगळं आपोआप होतं असं समजू नका," ते बजावत. "हा जर्मनी आहे. कागद नसेल तर कोर्ट एखादा परका माणूससुद्धा नेमेल. तुम्हाला वरण आवडतं की आमटी, हे त्याच्या बापाला तरी माहीत असेल का?"

गणपतीच्या आरतीनंतर लोक प्रसादाच्या रांगेत उभे असायचे आणि काका त्याच रांगेत फॉर्म वाटत फिरायचे. एका बारशाला त्यांनी बाळाच्या आईबापांनाच कोपऱ्यात गाठलं. बाळाचं नाव काय ठेवलं, हे विचारायचं मात्र राहून गेलं. इथल्या मराठी मंडळात त्यांना 'यमाचा एजंट' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "कमिशन मिळत नाही, एवढीच तक्रार आहे," म्हणायचे.

नुसता फॉर्म भरून भागत नसे. सहीचा माणूस परीक्षा घेऊनच निवडायचा, हा त्यांचा नियम. माझा नवरा समीर एकदा तावडीत सापडला.

"मीनलने लिहून ठेवलंय, आशा नसेल तर नळ्या काढा. सांगशील काढायला?"

"काका, काहीतरीच काय!"

"नापास. मीनल, आता तू. समीरच्या नळ्या?"

"त्याची तशी इच्छा असेल तर सांगेन."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काकांनी टेबलावर थाप मारली. समीर पुढे आठवडाभर माझ्याकडे जरा जपूनच बघत होता.

त्यानंतर काही दिवसांनी शुभाकाकू भाकरवडीचा डबा घेऊन खाली आल्या. मागे काका. काकू म्हणाल्या, "माझ्या सहीचा माणूस तू हो गं. आमच्या ह्यांना नाही जमायचं. मी संपले तरी हे डॉक्टरांना म्हणतील, अजून एक मशीन आणा!"

मला हसू फुटलं. काका खिडकीतून खालचं पार्किंग बघत होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी हो म्हटलं. खरंच वेळ येईल असं कुणाला वाटतं?

गेल्या हिवाळ्यात वेळ आली. काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी बरेच दिवस प्रयत्न केले. मग एके सकाळी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की त्या आता शुद्धीवर येणार नाहीत, श्वास मशीनच घेतंय. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "त्यांची स्वतःची इच्छा काय होती?"

मी काकांकडे पाहिलं. गावभर मरणाचं बोलत फिरलेला हा माणूस त्या बाईंना म्हणाला, "तिला थंडी फार वाजते हो. पायमोजे मिळतील का?"

काकूंनी मला जे सांगितलं होतं, ते मी सांगितलं. असं मशीनवर जगायचं नाही, म्हणाल्या होत्या. मग मी सही केली. काका शेवटपर्यंत काकूंची पावलं दोन्ही हातांत धरून बसले.

पुढे मी त्यांना टाळायला लागले. जिन्यात पावलं वाजली की मी दाराआड थांबायची. केलं ते बरोबरच होतं. पण त्यांच्या बायकोचं मशीन माझ्या सहीने बंद झालं होतं. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात काका. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा.

"माझ्यावर रागावलीस?"

"मी? काका, मला वाटलं तुम्हीच..."

"शुभाने आधी माझंच नाव घेतलं होतं," ते म्हणाले. "मीच नाही म्हटलं. तुझ्यासाठी काहीही करीन, पण तेवढं सांगू नकोस, असं म्हटलं. ती म्हणाली, बरं. आणि लोकांत मला कमीपणा नको म्हणून तुझ्याकडे येऊन ते 'अजून एक मशीन आणा' असं गमतीत सांगितलं. भ्यालो मी, मीनल. आणि ते सगळं तुझ्या अंगावर आलं."

 "आत या ना," मी म्हटलं.

"वर झोप लागत नाही गं. थोडा वेळ इथे बसू?"

मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले, तर ते सोफ्यावर मान टाकून गाढ झोपले होते. बूटसुद्धा काढले नव्हते. मी अंगावर पांघरूण घातलं आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिले.

समीर बाजारातून आला. दारातूनच मोठ्याने काहीतरी विचारू लागला. मी ओठांवर बोट ठेवलं.