गांगुर्ड्यांचं मशीन पडत नाही

गांगुर्डे घरी आले की चहा त्यांच्या उजव्या हातात द्यावा आणि डाव्या हातावर लक्ष ठेवावं. तुम्ही पोह्यांत मीठ बरोबर आहे का विचारत असता, तेवढ्यात तो हात हळूच भिंतीकडे सरकतो आणि खटकन प्लग उपसतो. टीव्ही जातो, इंटरनेट जातं, माझ्या मालिकेतली सासू बोलता बोलता काळी होते. गांगुर्डे शांतपणे चहाचा घोट घेतात आणि म्हणतात, "पडू दे. उठतं का बघू."

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत ते माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. जन्मभर कारखान्यात यंत्रांची देखभाल केली आणि रिटायर झाल्यावर त्यांना पत्त्यांच्या कॅटएवढ्या कॉम्प्युटरचा नाद लागला. एक उघडी हिरवी पाटी, तिच्यात नखाएवढं मेमरी कार्ड, बास. माझ्या टीव्ही-इंटरनेटलाही त्यांनी असंच एक बसवून दिलंय. स्वस्त आणि गुणी, पण लाईटीच्या बाबतीत फार नाजूक. कार्डावर काही लिहिणं चालू असताना वीज गेली तर लिहिलेलं नासतं, आणि लाईट आली तरी ते बापडं डोळे उघडत नाही. या एका दुखण्याशी गांगुर्ड्यांनी वैर धरलंय. लाईट जाणारच, त्याबद्दल त्यांची तक्रार नसते. आल्यावर मशीन उठलं नाही तर मात्र त्यांना अन्न गोड लागत नाही.

त्यांनी कार्डाला कुलूप लावलं: वाच, पण लिहू नकोस. शिवाय आत एक राखणदार बसवला, म्हणजे मशीन गोठलं की ते बंद करून पुन्हा सुरू करणारी सोय. आमच्या पाण्याच्या टाकीवर पंप सांभाळणाऱ्या मशीनमधल्या राखणदाराला त्यांनी बजावून ठेवलं होतं, की इंटरनेट सापडलं नाही तर मशीन गोठलं असं समज. एके दिवशी अख्ख्या भागाचं इंटरनेट गेलं. मशीन उठायचं, इंटरनेट शोधायचं, सापडलं नाही की पुन्हा आडवं व्हायचं. आणि दर उठण्याला गच्चीवरच्या भोंग्यातून खुद्द गांगुर्ड्यांच्या आवाजात "नमस्कार, टाकी सुरू आहे" असं म्हणायचं. दुपारची झोप मोडलेली सगळी कॉलनी जिन्यात जमली. गांगुर्डे ओशाळले असतील असं तुम्हाला वाटेल, पण छे. जितक्यांदा पडलं तितक्यांदा उठलं की नाही, असं त्यांनी आम्हालाच दरडावून विचारलं.

आम्ही हसतो खरं, पण आलेल्या पाहुण्याला ती टाकी दाखवायला गच्चीवर मीच नेते. दुसऱ्या सोसायट्यांची माणसं त्यांच्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा आमचे गांगुर्डे म्हणून मिरवतेही. एकच पथ्य पाळावं लागतं. त्यांच्या मशीनला नावं ठेवायची नाहीत. ठेवलीत तर माणूस आठवडाभर तोंड फिरवून जातो.

त्यांची बायको लता जाऊन आता काही वर्षं झाली. ती असताना तिच्या आईच्या घरी, पेठ गावी, त्यांनी एक मशीन टीव्हीला जोडून दिलं होतं. म्हातारी एकटी राहते. पहाटे अभंग आणि संध्याकाळी कीर्तन आपोआप लागायचं. पेठला पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते विचारू नये. सुरुवातीला सारखं कार्ड जायचं आणि नवं कार्ड घेऊन जावई घाट चढायचे. पुढे कुलूप लागलं, राखणदार आला, आणि लाईट आल्यावर मशीन स्वतःच उठून यांच्या मोबाईलवर "उठलो" असा मेसेज धाडू लागलं. वर्षभर पेठला पाऊल टाकायची गरज पडली नाही, हे ते छाती फुगवून सांगत.

यंदा तो मेसेज यायचा थांबला. गांगुर्ड्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यात गेटवर कोणीतरी म्हणालं, "काका, पडलं वाटतं." झालं. त्यांनी एक दणकट बॅटरी आणली, म्हणजे पेठची लाईट गेली तरी मशीनला पत्ता लागणार नाही, आणि निघाले. मला नागलीचे पापड हवे होते, म्हणून मीही गाडीत बसले.

गांगुर्ड्यांच्या सासूबाई पडवीत उभ्याच होत्या. लुगडं ठेवणीतलं, आणि आत चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. "मशीन बंद पडलं जावईबापू, लय लाईट जाते इथं," एवढं बोलून त्या लगबगीने आत गेल्या. आमच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

गांगुर्डे टीव्हीमागे वाकले. मला राहवत नाही, म्हणून मीही वाकले. प्लग बाहेर होता. निसटला म्हणावं तर वायरीची नीट गुंडाळी करून तिला चिंधीची गाठ मारलेली. त्यांनी गाठ सोडून प्लग लावला. लगेच खिशातला मोबाईल वाजला. मशीन ठणठणीत होतं. ते कधी पडलंच नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मला हाताने गप्प केलं आणि मोबाईलचा आवाज बंद करून, टीव्ही तसाच काळा ठेवून, पेचकस काढून बसले.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भाकरी थापता थापता हलक्या आवाजात म्हणाल्या, "लेक हाय तवर जावई, बाई. आता कुठल्या नात्यानं बोलवू त्यांना?"

बाहेर पेचकसाचा आवाज थांबला. थोड्या वेळाने गांगुर्डे दारात येऊन उभे राहिले.

"आई, मशीनच कच्चं आहे माझं. हे असं बंद पडतच राहणार. महिन्यातून एकदा तरी मला येऊन बघावं लागेल."

सासूबाईंनी वर पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "या मग. जेवूनच जात जा."

बॅटरी डिकीतून बाहेर निघालीच नाही. संध्याकाळी गेटवर मंडळी वाटच बघत होती. गांगुर्ड्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की दोष मशीनमध्येच होता, आपणच कच्चं काम केलं होतं. मंडळी पोट धरधरून हसली. कोणी त्यांच्या पाठीवर थाप मारली, कोणी टाकीचीही चौकशी केली. माझ्या पोटात साधी भाजीची कृती राहत नाही, पण त्या दिवशी मी पापडांची पिशवी छातीशी धरून गप्प उभी राहिले. इतका अभिमान मला माझ्या घरच्या माणसांचाही क्वचितच वाटलाय.