गुरुजींनी तोंड उघडलं

परीक्षा चालू असताना गुरुजींनी तोंड उघडलं, तर विद्यार्थी नापास. परीक्षक भडंगेशास्त्र्यांनी हा नियम बाभुळगावच्या बसमधून उतरल्या उतरल्या ऐकवला होता. "हूं नाही की चूं नाही. खोकायचंसुद्धा नाही."

लक्षणे गुरुजींनी मान डोलावली. देवळामागच्या त्या वेदपाठशाळेत तीनच विद्यार्थी उरले होते. तेही नापास झाले, तर संस्था पाठशाळाच बंद करणार होती.

अडचण एवढीच, की पाठशाळेत कापूस होता. त्या साली भाव पडलेले, खरेदी केंद्र उघडायचं नाव घेत नव्हतं, आणि शेजारच्या धावजीच्या घरात कापूस पार चुलीपर्यंत आलेला. "चार दिस ठेवू द्या ना जी गुरुजी. थो काय तुमच्या वेदात बोलून राह्यला का?" धावजी म्हणाला होता. भिडस्त गुरुजींना नाही म्हणता आलं नाही. त्या चार दिवसांचे दोन महिने झाले.

परीक्षकांना मात्र तो ढीग फार आवडला. मांडलेला पाट सारून ते घोंगडी टाकलेल्या कापसावरच रेलले. अंगात बसचा शीण, पोटात पुरणपोळी. डोळे मिटूनच म्हणाले, "हं, होऊ द्या."

तिघांनी सुरुवात केली. वेदाच्या या शाखेत म्हणताना उजवा हात स्वर दाखवतो. हात वर गेला की आवाज वर, हात खाली की आवाज खाली. आणि गुरुजींचा हात जाईल तिकडे मुलांचा.

पाचव्या ओळीला गुरुजींना दिसलं, की पाहुण्यांच्या मानासाठी त्यांनीच लावलेली उदबत्ती कलंडलीय आणि परीक्षकांच्या पाठीमागून धुराची रेघ निघतेय.

त्यांनी मुलांना हातानं ढीग दाखवला. तिन्ही हात खाली गेले, तिन्ही आवाज खाली घसरले. परीक्षकांच्या कपाळावर आठी पडली. 'उठा' म्हणून गुरुजींनी हात वर फेकला. आवाज आढ्याला भिडले. दुसरी आठी.

धूर दाटला. गुरुजींनी एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा परीक्षकांच्या धोतराकडे, आणि रडवेल्या आवाजात ओरडले, "उठा हो, कापूस पेटून राह्यला!"

गुरुजींनी एकदा म्हणायचं, विद्यार्थ्यांनी दोनदा. सहा वर्षांची सवय. तिघांनी ते वाक्य दोनदा म्हटलं. खणखणीत, सस्वर, हातासकट.

"वा!" डोळे न उघडता परीक्षक म्हणाले.

तेवढ्यात धावजी बादली घेऊन आत घुसला. "गाता कायले बे पोट्टेहो? सरका!" अर्धी बादली ढिगावर गेली, अर्धी परीक्षकांवर.

आग विझली. धोतराला वीतभर भोक पडलं होतं. गुरुजी हात जोडून उभे राहिले. "मी बोललो. नियमानं मुलं नापास. तसं लिहा."

"माह्या कापसापायी बोलले जी थे," धावजी म्हणाला. "मले करा नापास!"

परीक्षकांनी ओली गुणपत्रिका झटकली. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बोललात असं लिहिलं, तर त्यावर मी 'वा' म्हणालो, हेही लिहावं लागेल."

त्यांनी तिघांच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं, सही केली आणि धावजीकडे वळले. "आता एखादं कोरडं धोतर मिळतं का बघा बुवा."