टायरवरची बोटं

बारीक कामात आपला हात धरणारा माणूस अख्ख्या मुंबईत नाही, असं रामदास बागवेचं ठाम मत होतं. तो परळच्या एका गिरणीत, कापडावरची नक्षी काढणाऱ्या खात्यात आर्टिस्ट होता. एकदा त्यानं तांदळाच्या दाण्यावर संयुक्त महाराष्ट्राची घोषणा लिहिली होती. पुरावा तेवढा उरला नव्हता, कारण तो दाणा त्याच्या बायकोनं, कांतानं, भातात शिजवला.

त्यामुळे खात्याचे शामराव साहेब वीतभर लांबीची लाकडी मोटार घेऊन आले आणि "हिच्या टायरांना पांढरी कड आणि कंपनीचं नाव, अगदी खऱ्यासारखं, कोण रंगवेल?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा रामदास सगळ्यांच्या पुढे झाला.

"दसऱ्याला सोनं द्यायला येतो ना साहेब, तेव्हा मोटार घेऊनच येतो."

ती साहेबांच्या वडिलांच्या जुन्या मोटारीची नक्कल होती. शिवाय हेड आर्टिस्टची जागा रिकामी होती, आणि ती कुणाला द्यायची हे साहेब ठरवणार होते.

टायर रुपयाएवढा, अक्षरं खसखशीएवढी. लालबागच्या चाळीतल्या खोलीत रामदासनं खारीच्या केसांचा ब्रश उचलला, श्वास रोखला, आणि नेमका खालून मोर्चा निघाला. 'मुंबईसह'ला ब्रश टायरवर होता, 'झालाच पाहिजे'ला तो रामदासच्या नाकावर होता.

"माझं होईपर्यंत घरात कोणी हलायचं नाही," त्यानं फर्मान काढलं. पाट्याच्या हादऱ्यानं अक्षरं बिघडतात म्हणून वाटण बंद झालं. मालवणहून आलेली जाईआत्या ओल्या खोबऱ्याशिवायची आमटी गिळत भाच्याकडे खाऊ की गिळू असं बघत राहिली.

मग शेजारचा बुधाजी आला. तो समितीचा कार्यकर्ता. भिंतीवर घोषणा लिहायला म्हणून त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा न विचारता उचलला. रामदास त्याच्यामागे नाक्यापर्यंत धावला.

"अरे, महाराष्ट्र मोठा की टायर मोठा?" बुधाजीनं चारचौघांत विचारलं.

"आत्ता तरी टायर," डबा हिसकावून घेत रामदास चिडून बोलून गेला. त्यानंतर चाळीत त्याला कुणी साधा चहा विचारेना.

पण काम झालं. दसऱ्याच्या सकाळी शेवटचा हात मारून त्यानं मोटार फळीवर वाळत ठेवली आणि तो झेंडू आणायला गेला. परत येऊन बघतो तर विळी, कोयता, कात्री आणि त्याचे ब्रश पाटावर ओळीनं मांडलेले, मधोमध मोटार, चाकांखाली लिंबं, आणि चारही ओल्या टायरांवर हळदीकुंकवाची बोटं. बुधाजीनं तर नारळ फोडायला हात वर उचलला होता. रामदासनं झेप घेऊन तो हवेतच धरला.

"आत्ये, हे काय केलंस?"

"गाडी ल्हान आसली म्हणान काय झाला? दसऱ्याक पूजा नको?"

पुसायला जावं तर अक्षरांचीही खीर झाली असती. रामदासला रडू यायचंच बाकी होतं. हेड आर्टिस्टची जागा कुंकवासकट गेली, असं समजून तो संध्याकाळी साहेबांकडे पोचला. साहेबांनी चष्मा चढवून टायर बघितले.

"हे कोणी केलं?"

"चूक झाली साहेब. आमच्या आत्यानं..."

"आई अशीच बोटं लावायची रे. बाबांच्या मोटारीला, दर दसऱ्याला. अशीच, जरा तिरकी." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हेड आर्टिस्ट तूच. आणि अशा आणखी लाकडी मोटारी आहेत माझ्याकडे, त्यांनाही अशीच बोटं हवीत."

"आणि ती अक्षरं, साहेब?"

"कुठली अक्षरं?"

दुसऱ्या दिवसापासून रामदास कामाला लागला. ब्रशनं केलं तर बोट नक्षीसारखं दिसे. स्वतःचं बोट लावलं तर टायरवर पान खाऊन कुणी थुंकल्यासारखं वाटे. साहेब प्रत्येक मोटार परत पाठवत, "ह्यात आत्या नाही," एवढंच म्हणत.

शेवटी आत्याला मस्का लावावा लागला. तिची अट एकच होती: आधी पाटा चालू कर.

आता खोलीत कांताचं वाटण चाललं आहे, खालून मोर्चा जातो आहे, आणि गिरणीचा हेड आर्टिस्ट एका हातात कुंकवाची वाटी, दुसऱ्या हातात मोटार घेऊन आत्यासमोर बसला आहे. आत्याचं बोट टायरवर टेकतं, आणि ती खेकसते,

"मेल्या, हालव नको!"