शिर्केबाईंचं हरीण

दिवाळीच्या कार्यक्रमाला डॉक्टर शिर्केबाई अंघोळ करून येत, पण साबण लावून येत नसत. उटणं नाही, तेल नाही, पावडर नाही. साडी नेसत, पण ती पंधरा दिवस मागच्या अंगणात वाऱ्यावर टांगलेली असे. शाळेच्या हॉलमध्ये सगळी मराठी मंडळी अत्तर, उदबत्ती आणि बटाटेवड्यांच्या वासात गप्पा मारत असायची, आणि बाई एकट्या मागच्या उघड्या दारापाशी, थंडीत, घडीची खुर्ची टाकून बसलेल्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. चौऱ्याऐंशी साल असावं. लग्न होऊन मी पेनसिल्व्हेनियात आले, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. दिवाळी केव्हाच होऊन गेली होती, पण आमच्या मंडळाची दिवाळी हॉल मिळेल त्या शनिवारी यायची. त्या वर्षी ती नोव्हेंबरच्या मध्यावर आली. मी कौतुकाने मोगऱ्याचं अत्तर लावून गेले होते. बाईंना नमस्कार करायला वाकले तर त्या खुर्चीसकट मागे सरकल्या.

“जरा लांब बस,” त्या म्हणाल्या. “सोमवार जवळ आलाय.”

मला वाटलं, सोमवारचं काही व्रत असेल. मी आदराने विचारलं, फार कडक असतं का? बाईंनी मान डोलावली आणि सांगितलं की फार कडक. पहाटे चारला उठायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, दिवसभर बर्फात बसायचं. मी मनात हात जोडले. मग त्यांनी पुढचं वाक्य पूर्ण केलं: “आणि नर दिसला तर गोळी घालायची.”

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी आमच्या भागात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होई. त्या दिवशी शाळांनासुद्धा सुट्टी. अर्धं गाव नारिंगी जाकिटं घालून डोंगरावर, आणि त्यात आमच्या शिर्केबाई. पाच फूट उंची, वय पन्नाशीच्या आसपास, पाठीवर लायसन्सचा नंबर पिन केलेला. त्या नारिंगी रंगाला त्या भगवा म्हणत. हरणाला माणसाचा वास लांबून लागतो, म्हणून साबण-अत्तर आधीपासूनच बंद.

गावातल्या छोट्या हॉस्पिटलमध्ये त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. माझा नवरा सुधीर तिथेच डॉक्टर. तिथले लोक त्यांना ‘डॉक शर्की’ म्हणत. लॅबमध्ये त्यांची फार दहशत होती, कारण त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: “खात्री आहे?” एकदा सुधीरने त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून सहज विचारलं होतं की एका पेशंटची गाठ साधीच असेल ना. बाईंनी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, “मी अंदाजाने गोळी झाडत नाही आणि अंदाजाने रिपोर्ट देत नाही. उद्या ये.”

त्यांचे वडील कोल्हापूरकडच्या जंगलात रेंजर होते. लहानपणी बाई त्यांच्याबरोबर फिरत, ठसे ओळखत, लेंडी ताजी की शिळी ते सांगत. बंदूक मात्र त्यांच्या हातात कधी आली नाही. ती शिकवली हॉस्पिटलच्या बॉयलर रूममधल्या वॉल्टने, वयाच्या चाळिशीत. तेव्हापासून दरवर्षी तो मोसम वॉल्ट आणि बाई एका डोंगरावर काढत, एकमेकांशी दिवसाला चार वाक्यं बोलून. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्यांचे नियम होते. वर्षाला एकच हरीण. पळत्या जनावरावर नेम धरायचा नाही. जे खाणार नाही ते मारायचं नाही. आणि जखमी झालं तर ते सापडेपर्यंत घरी यायचं नाही, मग ऑफिस बुडो की पाय मोडो. शिंगं भिंतीवर लावणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. हरणाच्या शिंगांचा रस्सा होत नाही, एवढंच त्या म्हणत.

रस्सा हा त्यांचा दुसरा धर्म. मांसावरचा पांढरा पातळ पापुद्रा त्या लॅबमधल्या जुन्या स्कालपेलने काढत. हरणाची चरबी कणभरही ठेवत नसत, कारण ती टाळूला मेणासारखी चिकटते. मग आलं-लसूण, दही, भाजलेलं सुकं खोबरं, आणि कोल्हापूरहून सुटकेसमधून आलेली चटणी. इथले लोक मश्रूम सूपचा डबा ओतून हरीण शिजवतात, हे त्यांना सहन होत नसे. “हे लोक हरणाला दोनदा मारतात,” त्या म्हणत. “एकदा जंगलात, एकदा पातेल्यात.”

पण एकट्या बाईंना आख्खं हरीण कुठे संपणार? डिसेंबरात त्या कागदात बांधलेली पाकिटं घेऊन घरोघर फिरत. प्रत्येकावर मार्करने लिहिलेलं: ‘उजवी मांडी, मागचा भाग. मंद आच.’ आम्ही शाकाहारी, हे मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. पण त्या दारात अशा उभ्या राहत की तोंड उघडत नसे. “आत या ना,” मी म्हणायची. “नको, गाडी चालू आहे,” असं म्हणून त्या निघून जात. दोन वर्षांत आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशव्यांखाली जवळजवळ अर्धं हरीण साचलं.

तिसऱ्या वर्षी वॉल्टच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जंगलात एकट्याने जायचं नाही हा वॉल्टचा नियम, आणि बाई तो पाळत. त्यांनी मला विचारलं. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, तेव्हा नाही म्हणता येईना. सुधीरने मला दोनदा विचारलं की तू नक्की हेच म्हणतेयस ना. अशा रीतीने पुण्यात शनिपाराजवळ वाढलेली मी दहा दिवस बिनसाबणाची राहिले, हिंग सोडला, आणि त्या सोमवारी पहाटे नारिंगी जाकीट घालून एका ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसले.

तीन तास काही झालं नाही. पायांची बोटं कुणाची आहेत ते कळेनासं झालं. मग समोरच्या उतारावर एक नर आला. इतका शांत, की तो केव्हा आला ते मला दिसलंच नाही. बाईंनी रायफल उचलली. बराच वेळ त्यांनी काही केलं नाही. आवाज झाला, आणि त्याच क्षणी हरणाने एक पाऊल पुढे टाकलं. ते दचकलं, पाठ वाकवली आणि झाडीत गेलं.

बाईंचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, “गोळी जरा मागे लागली.”

मी उठायला लागले तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. लगेच मागे गेलं तर ते भीतीने मैलभर पळतं आणि तडफडत मरतं. थांबलं तर जवळच आडवं होतं. आम्ही दोन तास थांबलो. बाई सबंध वेळ हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. मग आम्ही जागेवर गेलो. बर्फावर रक्ताचे थेंब होते, काळपट लाल. बाईंनी हातमोजा काढून एक थेंब बोटांत चोळला आणि लॅबमध्ये सांगावं तसं सांगितलं की गोळी यकृतातून गेली आहे, ते वाचणार नाही, आणि आपल्याला ते शोधायचं आहे.

त्यानंतर बर्फ पडायला लागला. थेंब झाकले जात होते. बाई वाकून चालत होत्या. कुठे मोडलेली काडी, कुठे झुडपावर घासलेलं रक्त. दोनदा माग हरवला, दोनदा त्यांनी गुडघ्यांवर रांगत तो परत शोधला. दुपार झाली. मी रडायच्या बेताला आले होते, आणि त्या हरणाला मनातल्या मनात कुठेतरी पड रे बाबा म्हणून विनवत होते.

एवढ्यात खालच्या ओढ्याकडून एक गोळी ऐकू आली.

आम्ही उतरलो तेव्हा हरीण ओढ्याकाठी पडलेलं होतं. शेजारी तिशीतला एक माणूस उभा होता. जाकीट दुसऱ्या कुणाचं तरी वाटावं इतकं मोठं. त्याने आम्हाला पाहिलं, टोपी काढली आणि आपणहूनच सांगून टाकलं, की हे उठायला धडपडत होतं म्हणून मी मानेत गोळी घातली, पण याला आधीच लागलेलं होतं. तुमची पहिली गोळी, तेव्हा हे तुमचं. तिथली रीत तीच होती.

त्याचं नाव डेल. स्टीलच्या कारखान्यात होता. कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली होती. रायफल वडिलांची, आणि शिकारीचा हा त्याचा पहिलाच मोसम. बाईंनी विचारलं, घरी किती माणसं? तो म्हणाला, “पाच.” आणि लगेच जोडलं की मी त्यासाठी सांगत नाही, हरीण तुमचंच आहे.

बाई बर्फात गुडघे टेकून बसल्या. त्यांनी हरणाचं अंग उलटंपालटं करून पाहिलं. बरगड्यांमागे त्यांच्या गोळीचं भोक मला स्पष्ट दिसत होतं. त्यावर त्यांनी नुसता तळहात ठेवला.

“माझी गोळी कातडीला चाटून गेली,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “हे मेलं तुझ्या गोळीने. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझी खात्री आहे.”

डेलने टोपी परत घातली, परत काढली.

पुढचा अर्धा तास बाईंनी त्याला शिकवणी दिली. पोट कसं उघडायचं, सुरी कुठे खोल घालायची नाही, आतडं फुटलं तर काय होतं, मांस लवकर थंड व्हावं म्हणून पोट उघडं ठेवायला काडी कशी आडवी लावायची. यकृत हाताला आलं तेव्हा त्याच्या चिंधड्या झालेल्या होत्या. डेलने ते पाहण्याआधीच बाईंनी ते प्लास्टिकच्या पिशवीत टाकून स्वतःच्या खिशात घातलं आणि सांगितलं की हे जरा आजारी दिसतंय, मी लॅबमध्ये तपासून घेते. मग एका कागदावर हॉस्पिटलचा फोन नंबर लिहून दिला. शिजवताना काही अडलं तर विचार, म्हणाल्या.

गाडीत मी न राहवून विचारलं, “बाई, पण यकृत तर…”

“तू शाकाहारी,” त्या म्हणाल्या. “तुला यकृतातलं काय कळतं?”

म्हणजे त्यांना माहीत होतं. फ्रीझरबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

त्या वर्षी बाईंची पाकिटं निघाली नाहीत. मंडळाच्या संक्रांतीला सगळ्यांनी विचारलं. बाई सांगायच्या, “नेम चुकला.” एका हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा सल्ला दिला आणि हॉल हसला. बाई शांतपणे तिळाची वडी चावत राहिल्या. मला त्यांनी ताकीद दिलेली होती, म्हणून मी गप्प बसले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड शांतता ती.

जानेवारीच्या शेवटी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. डेलने त्या नंबरावर फोन करून त्यांना रविवारी जेवायला बोलावलं होतं, मलासुद्धा. तू येशील ना, म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, “नीला, जेवायला जाताना लोक काय घेऊन जातात?”

मला प्रश्न कळेना. चौदा वर्षं गावात राहिलेली बाई, सगळ्यांच्या दारात जाणारी. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही का? त्या म्हणाल्या, “कार्यक्रमाला डबा नेते. पण घरी कुणी बोलावलं नाही कधी. सगळ्यांचं शाकाहारी असतं, त्यांना वाटतं मला चालणार नाही.”

मी त्यांना फुलं न्या म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. त्यांच्याकडून मी गाडी शिकले, दोन हिवाळे त्यांना दारातून परत जाऊ दिलं, आणि ‘आत या ना’च्या पलीकडे एक शब्द कधी म्हटला नव्हता.

डेलच्या घरी त्या फुलं घेऊन गेल्या. त्याच्या बायकोने हरणाचं मांस मश्रूम सूपचा डबा ओतून शिजवलं होतं. बाईंनी दोनदा वाढून घेतलं. मुलांनी त्यांना शिंगं दाखवली, भिंतीवर खिळ्याला लावलेली, आणि बाईंनी ती फार छान दिसतात असं सांगितलं. निघताना डेलच्या बायकोने विचारलं की तुमच्या देशात हे कसं करतात. बाईंनी जाकीट काढलं, परत स्वयंपाकघरात गेल्या, आणि पुढच्या रविवारी चटणी घेऊन यायचं ठरवूनच बाहेर आल्या.

त्या मला घरी सोडायला आल्या तेव्हा मी म्हटलं, “बाई, मंगळवारी आमच्याकडे जेवायला या. पिठलं-भात करते. चालेल ना?”

त्यांनी इंजिन बंद केलं. पर्समधून डायरी काढली, मंगळवारचं पान उघडलं. ते कोरं होतं.

“किती वाजता?”

“सातला.”

त्यांनी ते लिहून घेतलं.

मंगळवारी सव्वासहाला मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज बाहेर पाहिलं, तर त्यांची गाडी आमच्या दारासमोर उभी होती. बाई आत सरळ बसलेल्या होत्या, मांडीवर फुलांचा गुच्छ, दोन्ही हात त्यावर. बर्फ भुरभुरत होता. सात वाजायची वाट बघत होत्या.

पिठल्याला अजून फोडणीही पडली नव्हती. मी गॅस बारीक केला, पायात जे मिळेल ते अडकवलं आणि त्यांना आत आणायला बाहेर पळाले.